सहपत्रं वेगळी केल्यास

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षालाही जे नुसत्या सहीनं करता येत नाही, ते मी एकदा सहा इंची पट्टी आणि लाल बॉलपेननं करून टाकलं होतं. चुकून केलं, पण केलं. आमच्या ऑफिसात ही गोष्ट चघळायला पुढे कित्येक वर्षं पुरली.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही व्हर्जिनियात राहत होतो, वॉशिंग्टनपासून पाऊण तासावर. नवरा इंजिनिअर, आणि मी नागपूरची लायब्ररी सायन्सची पदवी ट्रंकेत घालून आलेली. नागरिकत्व मिळालं, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे माझी चौकशी करून झाली, आणि मग जुन्या सरकारी कागदांच्या एका मोठ्या कोठारात मला नोकरी लागली. हुद्दा टेक्निशियन. म्हणजे कुठला गुप्त कागद लोकांसाठी उघडायचा ते वरचे ठरवणार आणि मी रेघा मारणार.

हे अक्षरशः खरं आहे. गुप्त कागदाच्या प्रत्येक पानावर वर-खाली ‘सीक्रेट’ असा शिक्का असायचा. तपासणाऱ्यांनी पेटीला मंजुरी दिली, की तेवढ्यानं कागद उघडत नसे. प्रत्येक शिक्क्यावर एक आडवी रेघ, खाली कुठल्या अधिकारानं उघडला त्याचा नंबर, तारीख, आणि रेघ मारणाऱ्याची आद्याक्षरं. एक पान राहिलं तरी ते पान गुप्तच. बाकीचे लोक ही रेघ हातानं ओढायचे. मी पट्टी लावायची. आमच्या शाळेत समासाची रेघ वाकडी आली तर बाई वही खिडकीबाहेर फेकायच्या, आणि ती वही आणायला सगळ्या वर्गासमोरून जावं लागायचं. ते हातातून जात नाही.

त्या जानेवारीत माझ्याकडे एक पेटी आली. पन्नासच्या दशकातली, लष्कराची. त्यातल्या सतरा पानांवर नेहमीच्या शिक्क्याखाली आणखी एक चौकोनी शिक्का होता. दोन्ही एकाच रुंदीचे, पट्टी दोन्हींनाही पुरत होती. मी दोन्हींवर सरळसोट, देखणी रेघ ओढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमचे सुपरवायझर साठीला टेकलेले, कमी बोलणारे, वर्षभर तोच करडा स्वेटर घालणारे गृहस्थ. त्यांनी ती पानं माझ्या टेबलावर पसरली आणि वरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

“हा कोणाच्या हुकमानं लागतो?”

“राष्ट्राध्यक्षांच्या.”

“बरोबर. एका राष्ट्राध्यक्षाच्या हुकमानं लागतो, दुसऱ्याच्या हुकमानं निघतो. आणि हा खालचा?”

मी वाकून चौकोनी शिक्का वाचायला लागले.

“हा काँग्रेसनं केलेल्या अणुकायद्यानं लागलाय. तो काढायचा तर कायद्यात ज्या खात्याचं नाव आहे त्या खात्यानं, कायद्यात लिहिलेल्या पद्धतीनं. राष्ट्राध्यक्षांच्या मनात आलं म्हणून ते एकटे हा शिक्का पुसू शकत नाहीत.” मग ते माझ्या लाल रेघेकडे बघत म्हणाले, “तुम्ही मात्र पुसलात.”

माझी नोकरी तेव्हा अजून पक्की नव्हती, प्रोबेशनचे चार महिने बाकी होते. पेटी परत बोलावली गेली. आणि तीच पेटी दोन दिवसांनी वाचनकक्षात एका बाईंना दाखवायची होती.

“आता त्यांना तुम्हीच सांगा,” सुपरवायझर म्हणाले. “तुमची पेटी, तुमच्या वाचक.”

बाई गुरुवारी आल्या. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून आठ तास बसनं. साठीच्या आसपास, निळा कोट, त्याचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं. पेटी बंद झाली म्हटल्यावर त्या ओरडल्या वगैरे नाहीत. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा फोल्डर काढला आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लागल्या. बहुतेक अनेक टेबलांवर सांगून झालं असावं, कारण कुठेच अडखळत नव्हत्या.

त्यांचा नवरा पन्नासच्या दशकात शिपाई होता. नेवाडाच्या वाळवंटात अणुबाँबची चाचणी झाली तेव्हा खंदकात उभ्या केलेल्या जवानांत तो होता, असं त्यांचं म्हणणं. पंचवीस वर्षांनी रक्ताच्या कॅन्सरनं गेला. पेन्शनसाठी अर्ज केला तर उत्तर आलं, की तुमचा नवरा चाचणीला होता अशी नोंद नाही, तो त्या काळात दुसऱ्याच तळावर भटारखान्यात होता. दोन अपिलं फेटाळली गेली होती. तिसरं आणि शेवटचं दोन आठवड्यांवर होतं. त्याच्या तुकडीचं नाव या पेटीच्या यादीत आहे, असं एका दुसऱ्या शिपायानं त्यांना कळवलं होतं.

“तो स्वतः काही बोलायचा का?” मी विचारलं.

“सही करून दिली होती ना, कधीच बोलणार नाही म्हणून. शेवटी तापात काहीबाही बोलायचा. ते काही मी धरत नाही.”

मग त्यांनी हुकमाचं पान टाकल्यासारखा एक कागद काढला. जाड, पिवळसर, वर गरुड. व्हाइट हाऊसचं पत्र. त्यांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलं होतं आणि उत्तर आलं होतं. नवऱ्याच्या सेवेबद्दल आभार, आणि अशा कुटुंबांना माहिती मिळावी असं आपलं मत आहे, अशा अर्थाचं. खाली सही.

“आता यांच्यावर कोण आहे?” बाईंनी विचारलं.

“कायदा,” मी म्हणाले.

नागरिकत्वाच्या परीक्षेत हे उत्तर देताना मला फार छान वाटलं होतं. त्या बाईंच्या तोंडावर देताना लाज वाटली. आणि पत्रात हुकूम नव्हताच, मत होतं. मतानं तर वरचा शिक्काही निघत नाही. हेही मीच त्यांना सांगितलं. त्यांनी पत्र पुन्हा प्लास्टिकमध्ये सरकवलं आणि म्हणाल्या, “माझी भाची इथे राहते. मी सोमवारपर्यंत आहे.”

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पुष्कळांना वाटलं की मी नियमांविरुद्ध होते. मुळीच नव्हते. एकट्या माणसाला, मग तो केवढ्याही खुर्चीत बसलेला असो, वाटेल ते उघडता येऊ नये हे मला पटत होतं आणि आजही पटतं. ज्याला वाटेल ते उघडता येतं, तो वाटेल ते झाकतोही. माझा राग वेगळ्यावर होता. शिक्का जेवढ्या कागदावर आहे तेवढाच झाकायचा सोडून आजूबाजूचं सगळं त्याच्या पांघरुणाखाली ढकलायचं, या सवयीवर.

कारण शुक्रवारी मी ती पेटी पुन्हा उघडली. निस्तरायचं कामही माझंच होतं. दोन शिक्क्यांची पानं काढायची आणि त्यांच्या जागी एक छापील चिठ्ठी ठेवायची: इथला कागद काढला आहे, तारीख अमुक, विषय अमुक, पानं इतकी. सतरा पानांच्या गठ्ठ्यावर एक साधं, एका पानाचं पत्र टाचलेलं होतं. अग्रेषणपत्र, ज्याला आपण कव्हरिंग लेटर म्हणतो. त्याच्यावर वरचा एकच शिक्का होता, अणूचा नव्हता. आणि तळाशी, टाइपरायटरच्या बारीक अक्षरात एक ओळ: सहपत्रं वेगळी केल्यास हे पत्र गुप्त नाही.

सहपत्रं म्हणजे सोबत जोडलेली ती सतरा पानं. ती ओळ मी तीनदा वाचली. मग वरचा मजकूर वाचला. ‘सोबत चाचणीच्या जागेचे नकाशे आणि मोजमापं जोडली आहेत. खालील अकरा जवानांचे किरणोत्सर्ग मोजणारे बिल्ले तपासणीस पाठवले आहेत.’ आणि खाली अकरा नावं. सातवं नाव त्या बाईंच्या आडनावाचं.

माझे वडील नागपूरच्या कलेक्टर कचेरीत रेकॉर्ड कीपर होते. तीस वर्षं त्यांनी तळघरात लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांबरोबर काढली. कोणी मोठा साहेब फाइल न्यायला आला की ते उभे राहायचे, नमस्कार करायचे, फाइल द्यायचे, आणि तिच्या जागी साहेबांची सही घेतलेली चिठ्ठी ठेवायचे. एका साहेबांनी सही करायला नकार दिला तेव्हा फाइल दिली नाही. त्याबद्दल त्यांची बदली झाली, गडचिरोलीकडे. आईनं महिनाभर बोल लावले. ते म्हणायचे, “साहेब फाइल नेईल, नोंद नेऊ शकत नाही. आणि पत्र वेगळं, सहपत्र वेगळं. एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला द्यायची नाही.” लहानपणी मला हे सगळं अत्यंत कंटाळवाणं वाटायचं. मी लायब्ररी सायन्स घेतलं तेही त्यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणून, आणि झाले काय तर अमेरिकेतली रेकॉर्ड कीपर.

मी ते पत्र घेऊन सुपरवायझरांकडे गेले. ते घरी निघाले होते. त्यांनी उभ्याउभ्या पाहिलं.

“सगळं काढा,” ते म्हणाले. “पत्रासकट.”

“खालची ओळ वाचलीत?”

“वाचली. एक चूक तुमच्या नावावर आहे. दुसरी करू नका.”

शनिवारी मराठी मंडळाची संक्रांत होती, एका शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या जाळीखाली हळदीकुंकू. मी गप्प आहे हे नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. जेवणाच्या रांगेत त्यानं विचारलं, आणि गुप्त नसलेलं तेवढंच मी सांगितलं: एक पत्र आहे, ते उघडं आहे, आणि मला ते झाकायला सांगितलंय.

“अगं, मग झाक ना,” तो म्हणाला. “माझं सिक्युरिटी क्लिअरन्स पेंडिंग आहे, माहितीये ना तुला? ते लोक वाइफचं पण चेक करतात. आणि तुझा प्रोबेशन पिरिअड. व्हाय टेक द रिस्क?”

“अहो, पण ते गुप्त नाहीच.”

“बॉस म्हणतो आहे, तर आहे.”

आमच्या पुढे मंडळातले सगळ्यांत जुने काका उभे होते. साठच्या दशकात आलेले हृदयरोगतज्ज्ञ, सगळ्यांचे सल्लागार. त्यांनी मागे वळून माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

“गोड बोलायचं, बेटा. आज तर संक्रांतच आहे. आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्यानं यजमानाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये.”

“काका, पाहुणे टॅक्स भरत नाहीत,” मी म्हणाले. “आणि मी डोकावत नाहीये. मला तिथे भांडी घासायला ठेवलंय.”

काकू खुदकन हसल्या. काका हसले नाहीत. नवऱ्यानं माझ्या ताटात न मागता गुळाची पोळी वाढली. त्याला भांडण टाळायचं असलं की तो वाढायला लागतो. गाडीत मात्र तो बोललाच. आठ वर्षं घासून इथवर आलोय, एका परक्या बाईसाठी सगळं पणाला लावायचं का. मला त्याचं म्हणणं कळत होतं. भीती त्याची एकट्याची नव्हती, माझीही होती. पण चूक मी केली होती. मी ती रेघ मारली नसती तर पेटी परत गेली नसती आणि बाईंनी गुरुवारीच ते नाव वाचलं असतं. माझ्या नीटनेटकेपणाची किंमत त्यांनी द्यायची, आणि वर मी तिळगूळ खाऊन गोड बोलायचं, हे मला जमणार नव्हतं.

सोमवारी मी लवकर गेले. सतरा पानं काढली, लिफाफ्यात सील केली, त्यांच्या जागी चिठ्ठी ठेवली. विषयाच्या रकान्यात आमच्याकडे सरसकट ‘तांत्रिक माहिती’ असं लिहीत. मी लिहिलं: ‘अमुक तारखेच्या पत्राची सहपत्रं. पत्र पेटीतच आहे.’ मग पत्र घेतलं. सहपत्रं आता वेगळी झाली होती. पेटी परत बोलावल्यानं आधीची रेघ रद्द झाली होती, म्हणून शिक्क्यावर पट्टी ठेवून नवी रेघ ओढली आणि अधिकाराच्या जागी लिहिलं: ‘या पत्राची शेवटची ओळ.’

नऊ वाजता सुपरवायझर आले. बघितल्या बघितल्या त्यांच्या मानेवर लाली चढली.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“पत्र काढायला.”

“मग?”

“मला ते लेखी द्या, सर.”

हे वाक्य नागपूरच्या कुठल्याही कचेरीत दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. तिथे ते ऐकून साहेब चहा मागवतो. इथे ते बहुतेक पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. सुपरवायझर माझ्याकडे बघतच राहिले.

“काय लेखी द्या?”

“की हे पत्र गुप्त नाही असं पत्रातच लिहिलेलं असूनही ते वाचकाला दाखवू नये. खाली तुमची सही आणि तारीख. मी लगेच काढते.” मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. “अणूचा शिक्का राष्ट्राध्यक्षांना पुसता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मान्य. मग जिथे तो शिक्काच नाही, तिथे तो लावायचा अधिकार तुम्हाला किंवा मला कुठून आला? हे पत्र मी उघडलेलं नाही. ज्यानं टाइप केलं त्यानंच उघडं ठेवलंय. आपण तीस वर्षं ते उगाच झाकून ठेवलं.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. पत्र पुन्हा वाचलं, या वेळी बसून आणि चष्मा लावून. बोट सावकाश खालच्या ओळीवर गेलं.

“तुमच्याकडे सगळे असेच असतात का?” त्यांनी शेवटी विचारलं.

“रेकॉर्ड रूममध्ये असतात.”

“माझी आद्याक्षरं यावर नकोत.”

“नकोच. माझी पुरेत.”

ते उठले आणि स्वेटर खाली ओढत निघून गेले. लेखी काही आलं नाही.

पुढचं आताच सांगून टाकते, म्हणजे उत्सुकता नको. माझं प्रोबेशन आणखी सहा महिने वाढलं आणि बढती यायला इतरांपेक्षा तीन वर्षं जास्त लागली. नवऱ्याचं क्लिअरन्स आलं, माझ्याबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही, आणि तो आजतागायत म्हणतो की मला खात्री होतीच. बाईंचं अपील मंजूर झालं. त्यांनी डोंगरांचं चित्र असलेलं कार्ड पाठवून कळवलं. ती सतरा पानं माझ्या माहितीप्रमाणे अजूनही बंद आहेत, आणि असू देत. मला त्यांच्यातलं काही नको होतं.

पण मला आठवतं ते यातलं काही नाही.

त्या सोमवारी साडेदहाला बाई वाचनकक्षात आल्या. मी त्यांच्यासमोर पेटी ठेवली. फोल्डर उघडला, चिठ्ठी दाखवली आणि म्हटलं, की नकाशे आणि मोजमापं मिळणार नाहीत, पण हे पत्र तुमचं आहे. त्यांनी एकेका नावाखालून बोट नेलं. सातव्यावर थांबलं. मला वाटलं त्या रडतील, किंवा हसतील. शेवटी पुरावा हातात आला होता.

“म्हणजे हे खरं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो. आता अपिलात कोणी नाही म्हणू शकणार नाही.”

“अपिलाचं नाही म्हणत मी.” बोट तिथेच होतं. “शेवटच्या आठवड्यात तो म्हणायचा, मी डोळे मिटून वर हात धरले होते आणि मला माझ्या हातांची हाडं दिसली. मिटलेल्या डोळ्यांतून. परत परत तेच. पंचवीस वर्षं सही पाळली आणि शेवटी फक्त मला सांगितलं त्यानं.”

मी फोल्डर त्यांच्याकडे थोडा सरकवला.

“आणि मी त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून म्हणाले, ताप आहे तुला, झोप आता.”

मी त्यांना फोटोकॉपी काढून दिली. ती दुमडू नये म्हणून त्यांनी फोल्डरमधून राष्ट्राध्यक्षांचं जाड पत्र काढलं, उलटं केलं, आणि पुठ्ठ्यासारखं तिच्या पाठीशी लावलं.